एरंडेलाचा डबा

आबा, गाडीचं इंजिन बदलायचं की नाही, हे मला शनिवारपर्यंत ठरवायचं आहे. शनिवारी एक ट्रक भंगार घेऊन धुळ्याहून जळगावच्या ओतशाळेत जातो; जुना ब्लॉक द्यायचा असेल तर त्यातच. नाना, तुमचे कारखान्यातले भागीदार, साठीला आले आहेत, पण या दसऱ्याच्या शर्यतीत गाडी स्वतः पळवायची म्हणतात. लष्कराच्या लिलावातल्या जीपचं इंजिन त्यांनी धुऊनपुसून तयार ठेवलं आहे. मी अमळनेरच्या तेलगिरणीत ड्रॉइंगच्या टेबलावर बसते. चार दिवसांची रजा काढून मापं घ्यायला आले. "तुना बाप ह्या लोखंडले धरीसन बसना, आते तू बी बसशी का?" असं नाना म्हणाले.  मी फूटपट्टी मागितली.

जीपचं इंजिन लांबीला बसतं, उंचीला बसत नाही. बॉनेट कापावं लागेल. वजन जुन्यापेक्षा बरंच जास्त, आणि ते सगळं पुढच्या चाकांवर येणार. गाडी सरळ धावेल, वळणावर मात्र बाहेर ओढत जाईल. इंग्रज साहेब देश सोडताना ही तुमच्याकडे टाकून गेला, ती मुळात शर्यतीसाठीच बांधलेली: दार नाही, टप नाही, सामानाला जागा नाही. जुन्या इंजिनाच्या कुशीत मुठीएवढं भोक आहे. त्याला ठिगळ लावता येईल, पिस्टनचा नवा रॉड घडवून घेता येईल, पण सहा महिने जातील आणि भरवसा नाही. कागदावर दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या उतरल्या. म्हणून काल दुपारी, सहा वर्षांत पहिल्यांदा, मी ते इंजिन खालून उघडलं.

उघडताना सहा वर्षांपूर्वीचा तो दसरा आठवत होता. खंडेनवमीला तुम्ही हत्यारांची पूजा मांडायचात. पाने, हातोडे, कानशी, आणि त्यांच्या रांगेत एरंडेलाचा डबा, कारण या गाडीला तुम्ही दुसरं तेल कधी दिलं नाही. तेही फडक्यातून दोनदा गाळून. दसऱ्याला सकाळी आईने नैवेद्य दाखवेपर्यंत मांडलेल्या वस्तूला कुणी हात लावायचा नाही, हा घरचा नियम. त्या सकाळी उजाडायच्या आत ट्रक दारात उभा आहे, गाडी चढवून जळगावबाहेरच्या लढाईच्या वेळच्या धावपट्टीवर न्यायची आहे, आणि आईचा स्वयंपाक व्हायचा आहे. मी सतरा वर्षांची. तेलाची काडी ओढून बघते, तर खालच्या खुणेच्याही खाली. डब्यावर हळदकुंकू आहे, झेंडू आहे. त्याच्या शेजारी, पूजेबाहेर, दुरुस्तीला आलेल्या एका जीपच्या तेलाचा कॅन आहे. पूजा मोडायची नव्हती, ट्रकही थांबवायचा नव्हता. तेलासारखं तेल, असं वाटलं. पाऊण शेर ओतलं. बाहेरून तुम्ही विचारलंत, "तेल भरं का वं माय?" मी हो म्हटलं. ते खोटं नव्हतं.

तिसऱ्या फेरीत आतून ठोके आले, मग रॉड ब्लॉक फोडून बाहेर. तुम्ही गाडी थांबवलीत, उतरलात, वाकून भोकातून आत पाहिलंत आणि स्वच्छ असलेले हात पुसलेत. बेअरिंगं तुम्ही स्वतः खरवडून बसवली होती, निळा रंग लावून कुठे टेकतं ते पाहत, पुन्हा पुन्हा जुळवून, बारा दिवस. जमलेल्या लोकांसमोर म्हणालात, "मनाच हात चुकना." त्यानंतर तुम्ही इंजिनाचं काम घेतलं नाही. गल्लीतल्या विळ्या नि कुलपं तेवढी हातात राहिली. लोक नानांना विचारायचे, आबाले काय जयं? नाना म्हणायचे, डोळा कमी झाला. पुढच्या जूनमध्ये पुण्याच्या तंत्रशाळेत मला पोचवायला तुम्ही स्वतः आलात. स्टेशनवर एवढंच बोललात, "मना हात गया. तू शिक."

काल तेलाच्या वाटा मी तारेने साफ केल्या. आत काळपट, चिकट, गुळाच्या पाकासारखा गाळ. एरंडेल आणि जीपचं ते जमिनीतलं, खनिज तेल एकजीव होत नाही; तापलं की गाळ धरतं आणि वाटा बुजतात. ज्या बेअरिंगपर्यंत तेल पोचलं नाही, ते वितळलं. बाकीची तीन तशीच आहेत. त्यांच्यावर तुमच्या खरवडणीच्या खुणा अजून दिसतात, माशाच्या खवल्यांसारख्या, एकसारख्या.

मी ती तीन बेअरिंगं फडक्यावर मांडून नानांना दाखवली. त्यांनी चष्मा लावला, अंगठ्याने एकेक चाचपून पाहिलं. 

"मंग आबाना हात नही चुकना?"

"नाही."

"तेल कोन भरं व्हतं?"

"मी."

नानांनी बेअरिंगं परत फडक्यात गुंडाळून माझ्याकडे दिली. म्हणाले, तू ल्हान व्हती तवय. मग, इंजिनाचं तू म्हणशील तसं. मी त्यांचं बोलणं तसंच राहू दिलं.

इंजिन बदलायचं ठरवलं आहे. ठिगळ लावलं तर ते गाडीसाठी नसेल, माझ्यासाठी असेल. ब्लॉक शनिवारी जाईल, बेअरिंगं माझ्याकडे राहतील. जीपच्या इंजिनाच्या आधाराचं ड्रॉइंग काढून झालं आहे. हे सगळं त्याच कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलं, त्यामुळे नानांना द्यायला ते मला दुसऱ्या कागदावर पुन्हा काढावं लागेल.

नानांना वाटतं, मला हे काल कळलं. तुमच्या शेवटच्या दिवाळीत मी पुण्याहून आले, तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात आईच्या विळीला धार लावत होतात. मान वर न करता विचारलंत, तिकडे काय शिकाडतस. मी म्हटलं, धातू, उष्णता, ड्रॉइंग. तेलांचा धडा त्याच्या आदल्या आठवड्यात झाला होता.