वाळूची बाही

३ जानेवारी
नवीन वर्षाचा संकल्प दोन दिवस उशिरा, कारण पहिले दोन दिवस मूड नव्हता. संकल्प असा: एक फेब्रुवारीला दुकानात. कटिंग टेबलावर. स्टुलावर बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारायला नव्हे.

स्ट्रोक येऊन तीन महिने होत आले. पाय ताळ्यावर आलाय. डावा हात मात्र अजून नुसता सोबत असतो. डॉक्टर म्हणतात, गुठळी मेंदूत झाली होती, हाताला स्वतःला काही झालेलं नाही. म्हणजे हात निर्दोष आहे. मी हे सगळ्यांना सांगतो.

टेबलावर सध्या धाकटा भाऊ कापतो. बरा कापतो. बाहीला घाई करतो, पण ती पहिल्यापासूनच. गिऱ्हाइकं काही बोलत नाहीत हे मला जास्त लागतं.

५ जानेवारी
व्यायामवाल्या बाई आल्या. फिजिओथेरपिस्ट. वय माझ्या लेकीएवढं, आवाज हेडमास्तरांचा. म्हणाल्या, काका, डाव्या हाताने बटणं उचलायची आणि या डबीत टाकायची, हाताकडे बघत, रोज. जन्मभर बटणं लावली, आता उचलत बसू? थोडी उचलली. बाकीची उद्या.

६ जानेवारी
व्यायाम राहिला. पेपर उशिरा आला, त्यामुळे सगळंच पुढे गेलं.

८ जानेवारी
शेजारचे रिटायर्ड कंपाउंडर येऊन बसले. त्यांच्या वडिलांचाही हात असाच गेला होता. आई रोज गरम वाळूच्या पुरचुंडीने शेकायची. कंपाउंडर म्हणाले, ऊब हातातून शिरते, नसा धरून वर चढते, ती थेट मेंदूत. मेंदू खडबडून जागा होतो. मी विचारलं, मग वडील बरे झाले? म्हणाले, मनाने फार खंबीर होते हो.

पटलं. कारण हे माझ्याच धंद्यातलं आहे. डॉक्टरांच्या भिंतीवर मेंदूचं चित्र आहे, मी नीट पाहिलंय. नुसत्या सुरकुत्या! सुरकुत्यांना काय लागतं ते मला कोणी शिकवायला नको. ऊब आणि दाब. इतकी वर्षं इस्त्री काय उगाच फिरवली?

९ जानेवारी
बाईंना शेकाचं विचारलं. त्या म्हणाल्या, कोमट शेक वाईट नाही, आखडलेला हात सैल होतो. ऊब जाणवते तेव्हा मेंदूला हाताकडून निरोप जातो, त्याचा उपयोग होत असावा असं काही जण म्हणतात, अभ्यास चालू आहेत, पक्कं कोणी सांगत नाही. आणि शेकून झालं की लगेच हात वापरायचा, नाहीतर नुसता शेक घेऊन काही होत नाही. आणि चटका आधी चांगल्या हाताने बघायचा.

थोडक्यात, शेकाने मेंदू सुधारतो. बाईंनी कबूल केलं.

११ जानेवारी
पुरचुंडी म्हणजे जुनाट प्रकार. मी बाही बेतली. खांद्यापासून मनगटापर्यंत, आडवे कप्पे, कप्प्यांत वाळू. जाड सुती कापड, दुहेरी शिलाई. उजव्या हाताने खडूने आखली, धाकट्याने शिवली. घालून बघितल्यावर तो म्हणाला, दादा, फिटिंग झकास आहे. माझं काही झकास आहे हे त्याने तीन महिन्यांत पहिल्यांदा मान्य केलं.

बायको तव्यावर वाळू तापवते, कप्पे भरते, बाही चढवते, उतरवते. सकाळ त्यातच जाते. बटणांना वेळ कुठून आणायचा?

१५ जानेवारी
काहीच जाणवत नाही. वाळू कमी तापते आहे. बायको म्हणते, अहो, माझी बोटं पोळतात. हल्ली नाजूक झाली आहे. आणखी तापव म्हणून सांगितलं. कुरकुरली, पण तापवली.

१७ जानेवारी
बाही काढली आणि बायको किंचाळली. मनगटाच्या वर हा टपोरा फोड. मला पत्ताच नाही! माझी सहनशक्ती आधीपासूनच दांडगी आहे.

बाईंनी मला सोडून बायकोलाच झापलं, स्वयंपाकघराचं दार लोटून. ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. मी म्हटलं, मनाला लावून घेऊ नकोस, फोड बसला की पुन्हा सुरू करू.

२२ जानेवारी
शेक पुन्हा सुरू. बायकोच्या अटीवर. मी डोळे मिटून पडायचं, बाहीला उजवा हात लावायचा नाही, ती आणेल तशी घालून घ्यायची. घाला अटी. माझं काय जातं?

आणि आज लागली! ऊब! कोपरापर्यंत स्पष्ट. बायकोला मोठ्याने सांगितलं. तिने दोनदा विचारलं, खरंच?

२४ जानेवारी
खांद्यापर्यंत. कंपाउंडरांना बोलावून सांगितलं. त्यांनी माझी नाडी बघितली आणि बघा, असं म्हणाले.

२६ जानेवारी
कानामागे मुंग्या. म्हणजे मेंदूच्या उंबऱ्यावर आलो. बायकोला सांगितलं तर ती तोंड फिरवून पडदा नीट करत बसली. आनंद झाला की तिचं असंच असतं.

बाईंनी फोनवर विचारलं, काका, बटणं चालू आहेत ना? म्हटलं, जोरात.

हात उचलला जात नाही, ते वेगळं. आधी आतलं काम पुरं होतं, मग बाहेरचं दिसतं. कोटाचंही तसंच असतं.

२८ जानेवारी
वाळूची टोपी आखली. ऊब हातातून चढवत बसण्यापेक्षा सरळ वरूनच द्यावी. धाकटा म्हणाला, दादा, बाही शिवली, टोपी मी शिवणार नाही. आणि उठून गेला. मी परत येतोय हे त्याला जड जाणारच.

झोप लागत नाही. सारखं वाटतं, टेबल नीट आहे ना, कात्री कोणी दुसऱ्याने वापरली का, माझा खडू कुठे असेल.

१ फेब्रुवारी
गेलो.

निळं सुटाचं कापड होतं. धाकटा म्हणाला, दादा, आज नुसतं आखून दे. मी ऐकणार थोडाच. डावा हात कापडावर ठेवला, म्हणजे उजव्याने उचलून ठेवला. कात्री घेतली. पहिला काप सुरेख गेला. अगदी पूर्वीसारखा. नजर आखणीवर होती, हाताकडे बघायचं काय कारण?

मग कापडावर एक डाग दिसला. मग आणखी एक. धाकट्यावर ओरडलो, टेबल पुसत नाहीस का, गिऱ्हाइकाचं कापड आहे! त्याने माझा डावा हात उचलून माझ्या डोळ्यांसमोर धरला. बोटाचं टोक कापलं होतं. रक्त माझंच होतं.

कात्रीला धार फार लावून ठेवली होती. मी असताना अशी धार नसायची.

रिक्षात धाकटा रडत होता. त्याला हसत म्हटलं, अरे, दुखत नाहीये. तर जास्तच रडायला लागला.

२ फेब्रुवारी
बोटाला टाके. तरी शेक चुकवला नाही. आजच्यासारखी ऊब आजवर लागली नव्हती, खांद्यातून पार डोक्यात. सकाळचा चहा कंपाउंडरांकडून आला. का, ते विचारलं नाही.

दुपारी बेल वाजली. सिलिंडरवाला. उशिराबद्दल माझी माफी मागत म्हणाला, वहिनींनी काल रात्रीच फोन केला होता गॅस संपला म्हणून, पण गाडी आत्ता सुटली.

गॅस रात्रीच संपला, मग सकाळची वाळू कशावर तापवली, असं बायकोला विचारलं.

बायकोने लपवलं नाही. फोड आला त्या दिवसापासून तिने वाळू तापवलेलीच नाही. म्हणाली, एकदा गार बाही घालून बघू, तुम्ही ओरडाल, मग बाई सांगतात तसं कोमट करत जाऊ, असं ठरवलं होतं मी. पण तुम्ही पहिल्याच दिवशी ऊब लागली म्हणालात. इतके खूश झालात. मग कुठल्या तोंडाने सांगू?

खूप ओरडलो. तोंडाला येईल ते बोललो. मग दमलो आणि भीती वाटली. स्ट्रोक आला त्या दिवशीसुद्धा इतकी वाटली नव्हती.

पलंगावर जाऊन डोळे मिटून पडलो. थोड्या वेळाने गादी दबली, त्यावरून कळलं की ती शेजारी येऊन बसली आहे. म्हटलं, चुकलं माझं. रागावू नकोस. निदान हात तरी धर.

ती म्हणाली, धरलाय. मघापासून.