नवाबाचा खुराक

८ नोव्हेंबर १९८७

कुत्रं आणलं ह्यांनी! येलदरीहून, एसटीत मांडीवर घेऊन. हे तिथल्या वीजघरात फिटर. साहेबांची बदली झाली म्हणून पिल्लू ह्यांच्या गळ्यात, आणि क्वार्टरला ठेवता येत नाही म्हणून इथं ताडकळसला आमच्या गळ्यात. दोन महिन्यांचं आहे आणि पंजे बघावेत तर हे एवढे. ग्रेट डेन म्हणे. सोबत अर्धं पोतं कडक दाण्यांचं — कुत्र्याचं विलायती खाणं. मामांनी एक दाणा हातावर घेतला, वास घेतला. "ह्यानं कुणाचं पोट भरतंय?" पोतं गेलं गोठ्यात.

नाव मामांनीच ठेवलं. नवाब. निजाम नवाबाचं राज सोसलं, आता एक नवाब दारात बांधू, असं म्हणून स्वतःच हसले. सासरे हसले की आमच्या घरात सगळ्यांनी हसायचं असतं.

१६ नोव्हेंबर

सकाळी दूध. दुपारी दूध-भाकर तूप घालून. संध्याकाळी शिरा! भिजवलेले बदाम वेगळे. वर कुठून तरी कॅल्शियमच्या गोळ्या आणल्यात, त्या गुळात दाबून चारतात. तालमीतल्या पोरासारखा करायचाय मामांना त्याला — तालुक्यात असं कुत्रं नसलं पायजे. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, मुकाट्यानं शिरा भाजतात. नवाब फुगत चाललाय. गोड आहे मेला, माझ्या पदरावर डोकं टाकून झोपतो.

२९ नोव्हेंबर

दिवस गेलेत. आत्याबाईंनी ओळखलंच होतं. मागच्या वर्षीसारखं नको. बाकी काही मागत नाही.

३ डिसेंबर

दवाखान्यातल्या पंचफुलाबाई नर्सनं डोळ्याची पापणी ओढून बघितली. रक्तच न्हाई म्हणाली अंगात. लाल गोळ्या दिल्या, त्या घेतल्या की भडाभडा उलटी. मग दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "मनकर्णा, रोज अंडी खा. मागचं कशानं गेलं, विसरलीस का?"

विसरले नाही. पण आमच्या घरात अंडं! मामांच्या आणि आत्याबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. घरात कांदासुद्धा चातुर्मासात शिजत नाही. मी पिंगळीची. वडील रेल्वेत, आई सकाळच्या गाडीच्या वेळेला अंड्याची पोळी करायची. लग्न झालं आणि सोडलं. कुणी सोड म्हणालंही नाही, सांगायची गरजच नव्हती.

६ डिसेंबर

हे आले होते. सांगितलं. खाली बघत म्हणाले, "आबांना कोण विचारणार?" मामांना हे आबा म्हणतात. मग संध्याकाळच्या गाडीनं परत येलदरीला. वीजघरातल्या एवढाल्या यंत्रांना भीत नाही हा माणूस!

९ डिसेंबर

नवाब उठेना. पुढचे दोन्ही पाय बाहेर वाकलेत, उभा केला की थरथरतो आणि बसतो. मामांनी बैलगाडीत पोत्यावर घालून गुरांच्या डॉक्टरकडे नेला. मलाही धरायला नेलं.

डॉक्टरांनी लय झापलं. मोठ्या जातीचं पिल्लू असं फुगवायचं नसतं — वजन पुढं पळालं, हाडं मागं राहिली. दूध-तूप-शिरा बंद. कॅल्शियमच्या गोळ्या तर आधी फेका. सकाळी ते विलायती दाणे, तेही बेताचेच. संध्याकाळी थोडं कच्चं मटण, मऊ हाडासकट. शिजवलेलं हाड द्यायचं नाही, त्याच्या काड्या होतात आणि आतडी फाडतात. रोज एक कच्चं अंडं. मीठ अजिबात नाही. "वाढू द्या त्याला सावकाश. घाई तुम्हाला आहे, त्याला न्हाई."

घरी येऊन मामा ओट्यावर बसले ते बसलेच. पान वाढलं तरी उठले नाहीत. अंधार पडायच्या आत बोलले, "घरात न्हाई, गोठ्यात. भांडं येगळं. माळ हाय गळ्यात, मी शिवणार न्हाई. पण त्याला मिळालं पायजे."

झालं! कुत्र्याला अंडं मिळालं. एका संध्याकाळीत. मी चुलीपुढं बसून ऐकत होते. राग कुणाचा आला तेही कळेना, नवाबाचा तर नक्की नाही.

१० डिसेंबर

बाजारातून मटण-अंडी आणायची लिंबाजीनं. तो आमचा सालगडी. मिसळून चारायचं मी. "ती पिंगळीची हाय, तिला सवय हाय," म्हणाल्या आत्याबाई. बरी आठवली आज पिंगळी!

गोठ्यातलं पोतं काढलं. उंदरांनी कोपरा कुरतडलाय. ज्या दाण्यांना मामा नाक मुरडत होते, ते आता स्वतः सुपात पाखडतायत.

१९ डिसेंबर

नामांतराच्या मोर्चामुळं एसट्या बंद, हे येणार होते ते नाहीत. दाणे संपत आलेत, नवे हेच आणणार होते. गल्लीतली माणसं येऊन बघतात आणि सांगतात, कच्चं मटण चारलं की कुत्रं पिसाळतं, घरच्यांनाच धरतं. मामा घाबरले. गोठ्यातल्या चुलीवर, जिथं म्हशीचं आंबोण शिजतं, तिथं मटणाला उकळी द्या म्हणाले लिंबाजीला. मी आडवी आले. म्हटलं, हाडाच्या काड्या होतात, डॉक्टर काय म्हणाले? सासऱ्यांपुढं पहिल्यांदाच एवढं बोलले. मामांनी ऐकलं!

कुत्र्यासाठी तोंड उघडतं माझं. स्वतःसाठी उघडत नाही.

२२ डिसेंबर

खाल्लं. नवाबाचं अंडं. कच्चंच — उकडलं तर वास जाईल घरात. नाक दाबून गिळलं आणि गव्हाणीला टेकून उभी राहिले, उलटी नको म्हणून. नवाब बघत होता. त्याला हातानं दाणे जास्तीचे घातले. शेपटी हलवली त्यानं. माझ्याच्यानं त्याच्याकडं बघवेना.

३१ डिसेंबर

आज एकादशी. आजही. पोटातल्याला तिथी कळत नाही.

५ जानेवारी १९८८

उभा राहिला! आडापर्यंत चालत गेला, पाय अजून वाकडे पण थरथर नाही. अंगावरची सूज उतरल्यासारखा सडसडीत दिसतो. मामा त्याच्या मागं मागं, "सावकाश रे राजा, सावकाश," आणि डोळे उपरण्यानं पुसत होते. चांगला माणूस आहे. तेच तर अवघड आहे.

दुपारी डॉक्टर वाटेवरून डोकावले. पाय सुधारतायत म्हणाले, पण केसाला चमक का नाही? अंडं चालू आहे ना? "सूनबाई रोज देते," मामा म्हणाले, अगदी अभिमानानं. मी अंगठ्यानं जमीन उकरत उभी. त्या मुक्या जिवाच्या तोंडचं खातेय मी.

११ जानेवारी

आत्याबाईंनी बघितलं. टरफल माझ्या हातात, हनुवटी ओली, आणि त्या गोठ्याच्या दारात शेणाची पाटी घेऊन. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. मला वाटलं आता ओरडतील. एकच शब्द बोलल्या.

"कच्चं?"

आणि पाटी तिथंच ठेवून गेल्या.

संध्याकाळी आतल्या खोलीत मामा आणि आत्याबाई हळू आवाजात बोलत होते. आत्याबाईंचा आवाज एकदाच वर आला — "माजे तीन गेले, तवा कुणी इचारलं का?"

१२ जानेवारी

मामा न जेवता शेतात गेले. आत्याबाईंनी माझ्या पानावर भाकरी वाढली आणि तोंड फिरवलं. पिंगळीला धाडतील. धाडलं तर धाडू दे, तिथं निदान आई अंडं उकडून देईल. असं म्हणते खरं, पण सकाळपासून रडू थांबत नाही. नवाबाला मात्र आज त्याचं अंडं दिलं. सगळं चाटून पुसून खाल्लं.

१३ जानेवारी

सकाळी गोठ्यात गेले तर नवाबाचं भांडं आधीच चाटलेलं. आंबोणाच्या चुलीतली राख अजून गरम. गव्हाणीच्या कडेला ताटली, वर दुसरी झाकलेली. उघडली तर दोन उकडलेली अंडी. सोललेली कशीबशी, अर्धं पांढरं टरफलाबरोबर गेलेलं. जन्मात कधी अंडं न सोललेल्या माणसानं सोलावं तशी. वर मीठ आणि मिरपूड.

नवाबाला मीठ बंद आहे.

वाटलं, आत्याबाई. मग वर बघितलं. खुंटीवर मामांची माळ होती.