नाव झाकून ऐकलेलं व्हायोलिन

मी, वैजयंती वसंत चौधरी, वय ७३, निवृत्त शिक्षिका, राहणार राजपुरा, बुऱ्हाणपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहिते. बुद्धी ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. चेतन पाटील यांनी दिला आहे. कानांचा दाखला मात्र ते देत नाहीत. उजवा गेला, डावा वर्षभर पुरेल म्हणतात. घाई त्यासाठी आहे.

कलम १. राजपुऱ्यातलं घर, गच्चीसह, माझी एकुलती मुलगी भूमिका हिला. ती मुंबईत असते, व्हायोलिन वाजवते. घर विकावं की ठेवावं, तिनं ठरवावं.

कलम २. बँकेतली ठेव भूमिकेला. शिलाई मशीन आणि फ्रिज सरुबाईला. वीस वर्षं तिनं घरकामाबरोबर माझं बोलणंही सोसलं, आणि दुसरं काम जास्त जड होतं.

कलम ३. माझे दीर पंडित यांनी १९९४ च्या उन्हाळ्यात माझी एक रेकॉर्ड गच्चीवर उन्हात विसरून तिची पुरी केली. वर म्हणाले, "त्यात काय, वाजते की." ती वाकडी रेकॉर्ड त्यांना देण्यात यावी. त्यांनी ती वाजवून दाखवावी.

कलम ४. बाकी ३११ रेकॉर्ड आणि प्लेयर आमच्या श्रोता मंडळाला. यातल्या बहुतेक माझ्या यजमानांनी नेपानगरच्या कागद कारखान्यात नोकरीला असताना घेतल्या. अट एकच. आधी ऐकायचं, कव्हर नंतर वाचायचं. शाळेत मी पेपर तपासताना मुलांच्या नावाचा कोपरा दुमडून ठेवत असे. नाव दिसलं की गुण हलतात. हीच सवय मी गाण्यांना लावली आणि तिचा मला फार गर्व होता.

कलम ५. हे कलम वाटपाचं नाही, पण वाचावं. एका जुन्या फिल्मचं पार्श्वसंगीत आम्हा मंडळींचं दैवत. फिल्मचं नाव लिहीत नाही, मंडळात सर्वांना ठाऊक आहे. मूळ टेप खराब झाल्या म्हणून कंपनीने २०२२ साली तेच नोटेशन नव्या वादकांकडून वाजवून घेतलं. भूमिकेने नवी रेकॉर्ड पाठवली, सोबत चिठ्ठी, "आई, ऐक आणि काय वाटलं ते सांग." मी नियमाप्रमाणे कव्हर न वाचता ऐकली आणि मंडळाच्या व्हॉट्सॲपवर लांबलचक निकाल लिहिला. त्यात लिहिलं की आवाज आरशासारखा स्वच्छ आहे, पण व्हायोलिन वाजवणाऱ्याला नोटेशन दिसतंय, फिल्म दिसत नाही. भूमिकेलाही तोच निकाल पाठवला. तिनं "बरं" एवढंच लिहिलं. निकाल देऊन झाल्यावर कव्हर वाचायची मला गरज वाटली नाही.

मंडळात दोन तट पडले. जुन्याचे म्हणत जीव जुन्यातच, नव्याचे म्हणत तुम्ही खरखरीच्या प्रेमात पडलात. कापडाचे व्यापारी लीलाधरभाऊ यांनी तोडगा काढला. जुन्या रेकॉर्डची खरखर कम्प्युटरवर साफ करून घेतली आणि दिवाळीत माझ्याच घरी, पडद्यामागून, दोन्ही वाजवल्या. अस्सल कोणती ते नऊ जणांनी चिठ्ठीवर लिहायचं. भूमिका दिवाळीला आली होती, दाराशी बसली होती.

दुसऱ्या वेळी व्हायोलिन सुरू झालं आणि माझे डोळे भरून आले. मी लिहिलं, "दुसरी. हीच खरी."

दुसरी नवी होती. लीलाधरभाऊंनी माझी चिठ्ठी उघडली, एकवार माझ्याकडे पाहिलं, ती खिशात घातली आणि वाचलं, "वैजूताई, पहिली." पाच विरुद्ध चार. माझ्या मताने जुनं जिंकलं. टाळ्या झाल्या, मी त्या घेतल्या.

भूमिका उठली. "दुसरीतलं व्हायोलिन माझं आहे, आई."

तेव्हा बोलता आलं असतं. नऊ माणसांसमोर हरण्याची मला भीती वाटली. मी म्हणाले, "हात चांगला आहे, पण ते हे नव्हे."

दुसऱ्या दिवशी ती गेली. तेव्हापासून फोनवर औषधांची चौकशी करते, संगीताचं अक्षर काढत नाही. मला लाज वाटते, रोज वाटते. लीलाधरभाऊंनी चिठ्ठी परत केली तेव्हा म्हणाले होते, "ताई, तुमची इज्जत गेली तं मंडळाची बी गेली." मी त्यांना दोष देत नाही. खोटं त्यांनी वाचलं, पण पाळलं मी.

कलम ६. सदर चिठ्ठी माझ्या पश्चात लीलाधरभाऊंनी मंडळासमोर वाचावी आणि भूमिकेच्या हाती द्यावी. भूमिकेने त्या दिवशी या घरात व्हायोलिन वाजवावं, अशी माझी इच्छा आहे.

दुरुस्ती. साक्षीदार म्हणून सही करायला लीलाधरभाऊ सोमवारी आले. साक्षीदाराला काही देता येत नाही, म्हणून त्यांना फक्त चहा दिला. त्यांनी कलम ६ दोनदा वाचलं आणि पेन खाली ठेवलं. "ताई, हा कागद तुम्ही गेल्यावर खुलणार. मंग पोरीनं कोणाले ऐकवायचं?"

मी त्यांच्यावर चिडले, मग कागद परत ओढून घेतला. व्हायोलिनची वरची तार मला आतापासूनच नीट ऐकू येत नाही.

म्हणून कलम ६ रद्द. मंडळाला खरं काय ते मी मंगळवारी स्वतः बोलावून सांगितलं. दोघे उठून गेले. चिठ्ठी त्याच दिवशी स्पीड पोस्टाने भूमिकेला पाठवली. पाकिटावर तिचं पूर्ण नाव मी माझ्या हाताने लिहिलं. आत दुसरं काही लिहायला सुचलं नाही, एवढंच लिहिलं की कान आहे तोवर ये.

आज शुक्रवार. पाकीट पोचल्याचं पोस्ट सांगतं. फोन आलेला नाही.

ती आली नाही तरी वरच्या वाटपात काही बदल करू नये. घर तिचंच आहे.

वर लिहिलेलं सर्व मी वाचून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आहे.

(सही) वैजयंती वसंत चौधरी

साक्षीदार:
१. (सही) लीलाधर कौतिक महाजन
२. (सही) डॉ. चेतन पाटील

स्थळ: बुऱ्हाणपूर
दिनांक: १२ सप्टेंबर २०२५