म्हशीनं नापास केलेला सेंट

मु. संतपूर

चि. व्यंकट यास दाजीचे आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, राग धरू नकोस. फोनच केला असता, पण फोन तुझी बायको नागरत्ना उचलते, तुझ्या अक्काचा विषय निघतो आणि मग तिलाही बोलता येत नाही, मलाही नाही. तुझी कंबर कशी आहे? मन्नाएखेळ्ळीचा रस्ता ओलांडताना सांभाळ, ट्रकवाले बघत नाहीत. माझं बरं आहे (म्हणजे डावी मांडी काळीनिळी झालीय, ते पुढं सांगतो).

अक्का धार काढायला बसण्याआधी पदराला 'गुलचमन' सेंट लावायची, हे तुला ठाऊक आहे. शेणाच्या वासात तेवढाच जीवाला आराम, म्हणायची. त्याची म्हशीला सवय लागली. अक्का गेल्यावर म्हैस कुणाला कासेला हात लावू देईना. शेवटी मीच अक्काचं लुगडं अंगावर घेतलं, सेंट लावला आणि बसलो, तेव्हा तिनं पान्हा सोडला. (शेजारचा काशप्पा कुंपणावरून रोज विचारायचा, "काय वैनी, धार काढायलाव का नटायलाव?" त्याचं तोंड कोण धरणार?)

पुढं बाटली संपली. औरादच्या बाजारात अमरनाथच्या दुकानी गेलो, तर गुलचमन बंद. त्यानं 'रोझ गार्डन' हातात ठेवला. "अप्पा, नाव तेवढं बदललंय, माल त्योच हाय," म्हणाला. डब्यावरही तसंच छापलेलं. मी विश्वासानं लुगड्यावर भरपूर शिंपडला आणि धारेला बसलो. म्हशीनं एकदा हुंगलं, बादली उडवली आणि मला लाथ घातली.

लंगडत परत दुकानी गेलो. बाजारातली माणसं जमून माझ्या मनगटावरचा नवा सेंट हुंगायला लागली. एक म्हणाला त्योच, दुसरा म्हणाला कापूर जास्त, तिसऱ्याला दवाखान्याची फरशी आठवली. अमरनाथ म्हणाला, "कामून भांडायलाव अप्पा? म्हशीला काय कळतंय?" मी म्हणालो, "तुझ्या मालाबद्दल ती एकटीच खरं बोलायलीय."

घरी येऊन लुगडं नाकाला लावलं. व्यंकटा, तिच्या अंगाचा आणि जुन्या सेंटचा मिळून जो वास त्यात होता, तो गेला. वर नुसता रोझ गार्डन. माझ्याच हातानं घालवला. लोक म्हणतात धुऊन टाक, पण धुतल्यावर उरलंसुरलंही जाईल. आणि इतकं हुंगून हुंगून जुना कसा होता ते आता मलाच नीट सांगता येईना. कधी वाटतं, हाच होता की काय. तसं वाटलं की जास्तच भ्या वाटतं.

तर काम असं, की अक्कानं जत्रेत नागरत्नाला गुलचमनची एक बाटली घेऊन दिली होती. ती असेल तर येणाऱ्या कुणाबरोबर पाठव. म्हैस आटत चाललीय, म्हणून घाई.

तुझा दाजी,
हरिबा

ता. क. नागरत्नानं वापरून संपवली असेल तर तिला बोलू नकोस. रिकामी चालेल. फक्त बूच उघडून बघू नका.

आणखी एक. म्हैस आता माझ्याकडं नाही, मागच्या बाजारालाच काशप्पाला दिली. त्याच्या सुनेला ती मुकाट दूध देते, सेंटबिंट काही लागत नाही. हे नागरत्नाला सांगू नकोस. बाटली म्हशीसाठीच मागितलीय असं सांग, आणि आहे की नाही तेवढं लवकर कळव.