जावयाला अटकेचा अधिकार असावा

५ जानेवारी, रविवार
नीलाने आमच्या चंदनासाठी स्थळ आणलं. नीला म्हणजे माझ्या बायकोची, कौशल्याची, मावसबहीण. आपल्या लोकांतल्या अर्ध्या लग्नांत हिचा हात असतो, उरलेल्या अर्ध्यांत तोंड. मुलगा महांतेश, बैलहोंगलकडचा, घरात मराठी. इथल्याच एअरपोर्टवर सीआयएसएफमध्ये सब-इन्स्पेक्टर. फोटोत उंच वाटतो. चंदनाने फोटो बघायला फोन घेतला तो लगेच परत दिला नाही. नोंद घेतली.

नीलाला विचारलं, मुलगा पोलीस आहे का? म्हणाली, तसंच काहीतरी, अण्णा. तसंच काहीतरी म्हणजे काय? यशवंतपूरच्या कारखान्यात मी उभा जन्म टाइम ऑफिसात काढला. गेटवरचे खाकीवाले मला सॅल्यूट करायचे. त्यातला एखादा उद्या जावई म्हणून पाटावर बसला तर? आमचं घराणं शहाजीराजांबरोबर इथे आलं. मूळ पुरुष किल्लेदार. ठराव: मुलाच्या अधिकाराची संपूर्ण चौकशी झाल्याशिवाय होकार नाही.

कौशल्या म्हणाली, मामंजी तर सांगायचे की मूळ पुरुष दरवाज्यावर पहारेकरी होता, म्हणजे या मुलाचंच काम.

७ जानेवारी, मंगळवार
चौकशी सुरू. इंटरनेटवर एके ठिकाणी लिहिलंय, हे केंद्राचं सशस्त्र दल. म्हणजे सैन्य? पुढे लिहिलंय, गृहमंत्रालयाखाली. म्हणजे पोलीस? तिसऱ्या ठिकाणी एअरपोर्टवरच्या नोकरीची जाहिरात होती, ती चुकून उघडली गेली. तेव्हापासून एक मुलगी फोन करून सांगतेय की लोडरची जागा रिकामी आहे, सर, उद्या जॉइन होता का. माझं वय सांगितलं. म्हणाली, चालेल.

कौशल्या म्हणते, मुलाचा स्वभाव विचारा, पितो का विचारा. हे दुय्यम प्रश्न.

१० जानेवारी, शुक्रवार
भीमाचार्यांकडे गेलो. आमच्या गल्लीतले नोटरी, कायदा तोंडपाठ, कॉफी मात्र आपल्याला पाजावी लागते. त्यांनी सांगितलं ते असं. हे लोक पोलीस नाहीत. पण वॉरंटशिवाय अटक करू शकतात, झडती घेऊ शकतात. अटक केली की उशीर न लावता माणूस पोलिसांच्या ताब्यात द्यायचा. तपास, खटला, सगळं पोलिसांचं.

म्हटलं, म्हणजे पकडायचं, पण ठेवायचं नाही? म्हणाले, बरोबर. म्हटलं, मग हा अर्धाच अधिकार झाला. त्यावर भीमाचार्यांनी विचारलं की त्यांच्याकडे मुलगी द्यायची आहे की आरोपी. वकिलांना कौटुंबिक बाजू कळत नाही.

१२ जानेवारी, रविवार
चंदना आणि महांतेश आज कोरमंगलात कॉफीला भेटले. कॉफीला एवढा वेळ लागत नाही. चंदना एरवी मारतहळ्ळीच्या ऑफिसातून येते ती ट्रॅफिकला शिव्या घालत खोलीत जाते आणि दार लावते. आज येऊन थेट ओट्यावर चढून बसली आणि आईशी बोलत राहिली. मी विचारलं, त्याच्याकडे पिस्तूल असतं का? म्हणाली, विचारलं नाही. मग इतका वेळ बोललात काय? हसली. मग सरळ म्हणाली की अप्पा, मला तो आवडला.

बरं वाटलं, खोटं का लिहू. खूप दिवसांनी तिला असं बघितलं. पण अशा गोष्टींनी चौकशी पक्षपाती होते. मुलीच्या चेहऱ्यावरून अधिकाराचा निकाल लागत नाही.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत
एळ्ळु-बेल्ल, म्हणजे इथला तिळगूळ, वाटत होतो तेवढ्यात महांतेशच्या वडिलांचा फोन. यल्लाप्पा. एस.टी.त कंट्रोलर होते, आता रिटायर. म्हणाले, पोरगा हो म्हणून बसलाय, तुमची पोरगी बी हो म्हणते म्हणे, तुमचंच तेवढं राहिलंय, महिना संपायच्या आत सांगा, पोराला रजा मागायची हाय. मी शांतपणे सांगितलं की प्रक्रिया चालू आहे. यल्लाप्पांनी 'प्रक्रिया?' असं दोनदा विचारलं आणि फोन ठेवला. बहुतेक प्रभावित झाले.

कौशल्या दिवसभर माझ्याशी गोड बोलली नाही. संक्रांतीला तरी.

१८ जानेवारी, शनिवार
ठरवलं. मुलगा ड्यूटीवर असताना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. त्याचा शब्द चालतो का, लोक ऐकतात का, हे कागदावरून कळणार नाही.

लगेच जाऊन आलो. गेटवरच्या जवानाने तिकीट मागितलं. मी म्हटलं, नुसतं बघायला आलोय. म्हणाला, छब्बीस जनवरी जवळ आलीय, बिना टिकट नहीं. कोणत्या कायद्याखाली, विचारलं. त्याने पाटीकडे बोट दाखवलं. मागे सहा बॅगा आणि दोन आज्या घेऊन एक कुटुंब उभं होतं, ते स्वल्प सरका, स्वल्प सरका म्हणत मला बाजूला करून आत गेलं. दोन्ही आज्यांकडे तिकीट होतं.

नवा प्लॅन: हुबळीचं तिकीट काढायचं, पैसे परत मिळणारं. आत जायचं, मुलाचं निरीक्षण करायचं, तिकीट रद्द करायचं, बाहेर यायचं. हे आजवर कोणाला कसं सुचलं नाही?

२१ जानेवारी, मंगळवार
तयारी पूर्ण. कानटोपी, मास्क. घरी सांगितलंय, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातोय. एका अर्थी डोळ्यांचंच काम आहे.

चंदना म्हणाली, अप्पा, त्याला एकदा घरी बोलवा ना, समोर बसवून जे विचारायचं ते विचारा. पोरीला काय सांगणार. समोर बसून दिलेलं उत्तर म्हणजे पुरावा नव्हे. म्हटलं, वेळ आली की बोलवू.

२२ जानेवारी, बुधवार, सकाळी, एअरपोर्टवर
आत आलो. काहीही त्रास झाला नाही. फोनवर लिहितोय, घरी गेल्यावर वहीत उतरवेन.

मुलगा सापडला. सिक्युरिटी चेकला लोक जातात तिथे तोंडाशीच उभा आहे. मी समोरच्या बाकावर, पेपर उघडून. एक सुटातला माणूस पॉवर बँकवरून हुज्जत घालत होता. महांतेशने काहीतरी सांगितलं, पुन्हा एकदा तेच सांगितलं, आणि सुटातल्याने मुकाट्याने बॅग उघडली. आवाज अजिबात चढवला नाही. हे मला खटकलं. अधिकार असलेला माणूस इतका हळू का बोलेल? कौशल्याला दाखवायला दोन फोटो काढले.

निष्कर्ष जवळजवळ निघाला. तिकीट रद्द केलं. पैसे परत येतील असा मेसेजही आला. निघतो.

तोच दिवस, संध्याकाळी, घरी
बाहेर पडता येत नाही. हे कोणीच सांगत नाही. आत यायला तिकीट लागतं, बाहेर जायला एअरलाइनचा माणूस लागतो. बाहेरच्या दारावरचा जवान म्हणाला, एअरलाइनकडून लिहून आणा. एअरलाइनच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली, सर, तुमचं तिकीटच नाही, तुम्ही आमचे पॅसेंजर नाही. परत जवानाकडे. तो म्हणाला, पॅसेंजर नाही तर आत कसे? मी रीतसर म्हटलं, चौकशीसाठी. कोणाच्या? तुमच्याच एका अधिकाऱ्याच्या. इथे जरा गडबड झाली. फोन मागितला. त्यात सिक्युरिटी चेकचे फोटो निघाले. कानटोपी काढा म्हणाले.

मग महांतेशलाच बोलावलं, कारण फोटो त्याचे. त्याने माझं आधार कार्ड वाचलं. पुन्हा वाचलं. माझ्याकडे बघितलं. मी मास्कमधून थोडं हसलो. त्याने विचारलं, नाव काय, आत कशाला आलात. जसं कोणालाही विचारेल तसं, हळू आवाजात. मी म्हटलं, कोणत्या कलमाखाली विचारताय? म्हणाला, कलम साहेब सांगतील सर, तुम्ही बसा, पाणी घेणार का. त्याचा इन्स्पेक्टर आला. दोघं बाजूला जाऊन बोलले. मग मला एअरपोर्टच्या पोलीस चौकीत नेलं. उशीर न लावता. भीमाचार्यांनी सांगितलं होतं अगदी तसंच.

चौकीत बराच वेळ बाकावर बसवलं. पोलिसांनी जबाब लिहून घेतला, माझं वय बघितलं, कपाळाला हात लावला आणि घरच्यांना बोलवा म्हणाले. कौशल्या आणि चंदना कॅब करून आल्या. समज देऊन सोडलं. टॅक्सीत मी एकदा म्हटलं की मुलगा पास झाला. कौशल्याने खिडकीची काच खाली केली.

पण झालाच. सासऱ्यालासुद्धा सोडलं नाही. याला म्हणतात अधिकार. होकार द्यायचं नक्की केलं.

२३ जानेवारी, गुरुवार
भीमाचार्य म्हणतात, मला अटक झालीच नाही. नुसतं ताब्यात दिलं. म्हणजे मुलाने अधिकार वापरला की नाही? कौशल्या म्हणाली, आता यावर पुढे एक शब्द काढलात तर मी बेळगावला भावाकडे जाते. तिला कायद्यात रस नाही.

होकार कळवण्याआधी सव्वीस तारीख जाऊ द्यावी. आज कळवलं तर चौकीत बसवल्यामुळे घाबरलो असं दिसेल. घराण्याची शान असते.

२८ जानेवारी, मंगळवार
यल्लाप्पा फोन उचलत नाहीत. नीलाही नाही. सगळे लग्नसराईत असतील. होकाराचं छोटं भाषण तयार केलं. चंदनाला वाचून दाखवणार होतो, पण ती हल्ली ऑफिसातून उशिरा येते आणि जेवून आलेय म्हणते. जेवून आल्यासारखी दिसत नाही. म्हटलं, अचानक सांगून खूश करू.

२ फेब्रुवारी, रविवार
महांतेश स्वतः आला. साध्या शर्टात, हातात फळांची पिशवी. मी तयारीतच होतो. त्याला बसवलं, कौशल्याला चहा ठेवायला सांगितलं, आणि त्याने तोंड उघडायच्या आत होकार देऊन टाकला. भाषण सगळं म्हटलं. घराणं, कायदा, त्या दिवशीची त्याची वागणूक. शेवटी म्हटलं, माझी पूर्ण खात्री पटली आहे, आता तारीख काढू.

त्याने मधे न बोलता ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, त्या दिवशी साहेबांनी मला विचारलं, हे तुझे कोण. कोणी नाही म्हणून सांगितलो. तसंच लिहून दिलो. तेव्हा ते खरं होतं."

मी म्हटलं, बरोबरच आहे, तेव्हा नव्हतोच, आता होतोय.

"आता झालात तर ते खोटं होतंय. सासऱ्याला आत घेतला आणि पकडल्यावर ओळखत नाही म्हणाला, असं म्हणतील. लग्न करू नको म्हणून नियम नाही, काका. पण मी दिवसभर उभा राहून लोकांना खरं सांगा म्हणतो. उद्या माझ्याकडे बघून कोणी हसलं तर मी तिथे उभा राहू शकत नाही."

मी म्हटलं, हे काही अवघड नाही, भीमाचार्यांकडून अ‍ॅफिडेव्हिट करून घेऊ. मी तुला ओळखत नव्हतो असं मीच लिहून देतो. इन्स्पेक्टरसाहेबांना भेटतो. वर अर्ज करतो, दिल्लीला करतो. चंदना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, "अप्पा, पुरे."

तिला सगळं आधीच माहीत होतं. दोघांचं बोलून झालं होतं. मोठ्यांना फोनवर सांगणं बरं नाही म्हणून तो आला होता, एवढंच. चहा पूर्ण प्यायला. माझ्या आणि कौशल्याच्या पाया पडला. चंदना त्याला बसस्टॉपपर्यंत सोडायला गेली. कौशल्याने फळं धुऊन टोपलीत ठेवली आणि माझ्याकडे पाठ करून ओट्याशी उभी राहिली.

चंदना परत आली. काय बोलणं झालं, विचारलं. म्हणाली, काही नाही, बस लगेच मिळाली. खोलीत गेली. दार लावलं, कडी घातली नाही.

कौशल्या म्हणाली, आता तरी जाऊन पोरीशी बोला. गेलो. दाराशी उभा राहिलो. आतून आवाज येत नव्हता. दार ढकलायला हात पुढे केला, पण काय म्हणून आत जायचं ते सुचेना. बराच वेळ तिथेच उभा होतो. मग इकडे येऊन बसलो.