निरोगी खोलीच्या चपला

मंगळवार, १४ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. आम्ही बरे आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा दुखतो, पण कामाला उभी राहते. खुशाली इथे संपली.

आता पोपटांचं. यंदाची सगळी पिल्लं गेली. अकरा जोड्यांपैकी सात जोड्यांना पिसं झडण्याचा रोग निघाला. आपण दोघांनी चमच्याने भरवून वाढवलेली थोरली सोललेल्या कणसासारखी उघडी बसते. चोच ठिसूळ झाली, दाणा फुटत नाही. तरी मला पाहिलं की मान खाली घालते, खाजव म्हणून.

तुझ्यावरचा राग उतरलेला नाही. नवं पाखरू पंचेचाळीस दिवस वेगळ्या खोलीत ठेवायचं, हा नियम मी दारावर खडूने लिहिला होता. तू आणलेलं पाखरू तू नवव्या दिवशीच आत सोडलंस. का, तर "दादा, एकटं रडतं रे ते." अरे, रडलं असतं! दयेला डोळे नकोत का? सगळ्यांदेखत मी तुला म्हणालो, "घरभेद्या, माझी पाखरं खाल्लीस," आणि तू पिशवी उचलून चालता झालास.

परवा पाखरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. म्हणाल्या, "दादा, तुमच्या भावाने आणलेलं पाखरू स्वच्छ आहे. दोनदा तपासलं. हा रोग पिसांच्या धुळीतून येतो, कपड्यांवर बसूनही येतो. तुम्ही कुठे आजारी पाखरांत गेला होतात का?"

मी म्हणालो, "नाही."

हातात जपमाळ होती, आणि मी नाही म्हणालो.

मी कुठे गेलो होतो ते तुला ठाऊक आहे. नदीपलीकडच्या पोपटवाल्याची पिल्लं मरत होती. त्याने हाक मारली, मी दुपारभर ती ओंजळीत घेऊन बसलो. परतलो तर थोरली ओरडत होती. तसाच आत शिरलो. दारात तू होतास. "दादा, आधी सदरा बदल." आणि मी काय म्हणालो? "कालपर्यंत तुझं नाक मी पुसत होतो. मला शिकवू नकोस."

मग मी सगळ्यांदेखत तुला घरभेद्या म्हणालो तेव्हा का गप्प बसलास? खरा राग याचाच येतो. एक वाक्य पुरलं असतं. मोठ्या भावाचा मान राखलास? चुलीत घाल तो मान! तुझ्या गप्प बसण्याने मला महिनाभर साळसूद राहता आलं. रोज देवापुढे बसून मी तुझ्यासाठी सद्बुद्धी मागत होतो. तोही ऐकून घेत राहिला, तुझ्यासारखाच.

काल बाईंना खरं सांगितलं. वहिनीला अजून नाही.

चार जोड्या निरोगी आहेत, त्या स्वतंत्र खोलीत ठेवल्या आहेत. आजाऱ्यांना हात लावणाऱ्याने त्यांच्याकडे पाऊलही टाकायचं नाही, आणि आजाऱ्यांना मी सोडणार नाही. सध्या वहिनीच लंगडत तिथलं दाणापाणी बघते. ती खोली आता तुझी. उंबऱ्याशी नव्या चपला ठेवल्या आहेत, तुझ्या मापाच्या.

ये. आंघोळ करून ये. आणि मी दारात दिसलो की वहिनीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचार, "दादा, त्या दिवशी सदरा बदलला होतास का?"

उत्तर मी देईन.

सदरा न बदललेला,
तुझा दादा