दोन वेळा पोटभर भात

माझ्या बाई,

चंद्रपूरच्या स्टँडवर बसून लिहून राह्यली. राजुऱ्याहून पहिल्या गाडीनं निघाली, मोहर्लीची गाडी अजून लागली नाई. दुसरा कागद नव्हता, म्हणून दुकानातली ब्लाऊजच्या मापाची वही काढली अन् तिच्या मागच्या पानापासून सुरू केलं. तू गेल्याले वर्ष होत आलं. इतक्या दिवसांत तुझ्याशी मनातल्या मनातही बोलली नाई मी. तोंडच नव्हतं. आज तुझ्याच घरी चालली आहे, अन् तिथं जे सांगायचं आहे ते आधी तुले सांगितल्याशिवाय माझ्याच्यानं बोलवणार नाई.

काल तुझ्या पल्लवीनं फोटो पाठवला. ताटात तीन अंडी, पनीर, तुपात परतलेली पालक. खाली लिहलं होतं, "मावशी, बाबाचं किटो सुरू. आज चौथा दिवस." भाऊजीले यंदा साखर निघाली, दिवसभर पाहुण्यायले जंगलात फिरवून जिप्सीत बसून बसून पोटही सुटलं, हे मले माहीत होतं. पण ताटाच्या बाजूले गोळ्यांची पट्टी होती. मी फोटो मोठा करून पाह्यला. तुझीच साखरेची गोळी, बाई. तेच नाव.

लगेच फोन लावला. म्हटलं, "पल्लवी, बंद कर हे. बापाले भात वाढ."

"काऊन मावशी? तू तर पाच महिने केलं न. तुले काही झालं काय?"

"माझं सोड," मी म्हटलं.

"अन् आईचं तर पोट बिघडलं होतं," ती म्हणाली. "त्याचा याचा काय संबंध?"

मग भाऊजी बोलले. हसून राह्यले होते. "कुंदा, तुम्हा दोघी बहिणीयचं पाहूनच तर सुरू केलं. तुले काय सांगायचं ते उद्या समोर बसून सांग." मी त्यायले माझी शपथ घातली, मी येईपर्यंत भात खा म्हटलं. बरं म्हणाले. खाल्ला असंन काय?

तुले आठवते का, हे कसं सुरू झालं? रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात तू बारा वर्षं उभी. वाघ पाहायले आलेले पाहुणे म्हणत, भात नको, पोळी नको, अंडी द्या, लोणी द्या. तू फोनवर हसायची, "कुंदे, धानाच्या मुलखात येऊन भात नाई म्हणतेत वो हे लोक." मग तुझे गुडघे गेले. डॉक्टरनं वजन उतरवा म्हटलं. अन् एका पाहुणीनं तुले ओट्याजवळ उभं राहून सगळं समजावलं, काय खायचं, काय नाई. तुझ्या मनात भरलं. मले म्हणाली, "एकटीनं नाई होणार माझ्याच्यानं. तू करशीन तर मी करीन."

मी हो म्हटलं. आई गेल्यापासून तुले मी नाई म्हटलंच कधी?

अन् केलं पण, बाई. वीस दिवस खरंच केलं. पहिल्या आठवड्यात डोकं असं दुखलं की सुईत दोरा ओवता येईना. रात्री पोटऱ्यात गोळे. तोंडाले कसातरी वास. गिऱ्हाईक बाईवर मी उगाच खेकसली, काखेत घट्ट होते म्हणाली म्हणून. वजन मात्र उतरलं, पाच किलो. तू पण पाच. फोनवर दोघी पोरींसारख्या हसलो.

एकविसाव्या दिवशी दुपारी दुकान बंद करून घरी आली. गंजात सकाळचा भात होता. त्यावर कच्चं तेल, तिखट, मीठ टाकलं अन् उभ्यानंच गंजातून खाल्ला. सगळा खाल्ला. खाता खाता डोळ्यातून पाणी आलं, इतकं बरं वाटलं.

तेवढ्यात तुझा फोन. "खाल्ला तर नाई न भात?"

"नाई वो," मी म्हटलं. बोटं अजून तेलकट होती.

एवढंच. तुले सांगितलं असतं तर तू चिडवलं असतं, "खादाड कुठची," अन् दुसऱ्या दिवशी तू पण बसली असती भाताले. मले पक्कं माहीत आहे. तू तर माझ्या सोबतीनं करून राह्यली होती. पण मले लाज वाटली. उद्या सांगू म्हटलं, अन् मग रोजच खोटं बोलत गेली. चार महिने. तू तिकडे भात सोडून, अन् मी इकडे दोन वेळा जेवून तुले विचारायची, "आज किती उतरलं?" तुझे ब्लाऊज मी तीनदा आत घेतले. टिपा मारताना वाईट नाई वाटलं मले. कौतुक वाटलं, अन् थोडी जळली पण. हे पण लिहून टाकते.

तू पण कशी वो बाई! साखरेची गोळी चालू असताना एकदा डॉक्टरले विचारावं नाई? पण विचारणार तरी काऊन? मशीनवर साखर चांगली दिसून राह्यली होती. अकरा किलो उतरलं होतं. शेवटी शेवटी तू म्हणायची, मळमळते, जीव घाबरते, चार पायऱ्या चढली की दम लागते. मी काय म्हटलं? "साखर पाह्यली का? मग चांगली आहे न." मी, जी पोटभर जेवून फोनवर बसली होती.

आता ते. ज्याच्यासाठी ही वही काढली.

दवाखान्यात तुले आणलं तेव्हा तू जोरजोरात श्वास घेऊन राह्यली होती. भाऊजी खाली औषधं आणायले पळाले. खाटेजवळ मी, तुझी सासू अन् दीर. डॉक्टरनं साखर पाह्यली, ठीक निघाली. मग त्यायनं मलेच विचारलं, "जेवण कसं आहे यांचं? भात-पोळी खातात ना? बंद तर नाही केलं?"

बाई, मी सासूकडे पाह्यलं.

आपल्याकडे लेकीच्या घरी गेलेल्या बापाचा पहिला सवाल काय असते? भात भेटते न पोटभर? आपले बाबा तुले अंगणातच विचारायचे, पाणी प्यायच्या आधी. घरी धान पिकते अन् बाई भात खात नाई, असं माहेरच्या माणसानं चार लोकांत म्हणणं म्हणजे सासरच्यायनं उपाशी ठेवलं म्हणणं. दीर माझ्याच तोंडाकडे पाहून राह्यला होता. मले वाटलं, हिच्या घरची अब्रू मी कशी काढू? अन् किटो म्हटलं तर दवाखान्यातले लोक हसतीन, बुढापकाळी थेरं म्हणतीन.

मी म्हटलं, "हो साहेब. दोन वेळा पोटभर भात खाते."

सासूनं मान हलवली. डॉक्टरनं लिहून घेतलं. तू डोळे उघडून माझ्याकडे पाह्यलं होतं. तुले ऐकू आलं होतं काय? तुले 'नाई' म्हणायचं होतं काय? श्वासातून शब्दच निघत नव्हता तुझा.

पोट बिघडलं असंन म्हणून सलाईन लावली. रक्ताची दुसरी तपासणी सकाळी झाली, अन् मग सगळे धावायले लागले. दुपारी तू गेली. घरी सगळ्यायनं पोट बिघडल्याचंच धरलं.

तेरवी झाल्यावर मी तुझ्या गोळीची पट्टी घेऊन दुसऱ्या एका डॉक्टरकडे गेली. मैत्रिणीचं विचारते म्हटलं. त्यायनं पट्टी पाहूनच सांगितलं, या गोळीवर भात-पोळी एकदम सोडली तर साखर चांगली दिसते अन् आतून रक्त आंबट होत जाते. मी विचारलं, पहिल्याच दिवशी दवाखान्यात सांगितलं असतं तर? ते म्हणाले, "सांगायला हवं होतं. लवकर कळलं की वाचतात बरेच." त्यायले काय माहीत समोर कोण बसली आहे.

त्या दिवसापासून मले झोप नाई, चव नाई. भात समोर आला की तुझा श्वास ऐकू येते. पण खाते मी, बाई. रोज खाते. मरत पण नाई.

माफी मागायले नाई लिहून राह्यली. कोणत्या तोंडानं मागू? तू दिली असती, हे माहीत आहे, म्हणूनच मागवत नाई. अन् आज बोलल्यानं तू तर येणार नाई. पण मी पाच महिने किटो केलं अन् मले काही झालं नाई, हे खोटं अजून तुझ्या घरात फिरून राह्यलं आहे. तुझ्या पोरीनं खरं मानलं, अन् तुझा नवरा त्याच्या भरवशावर जेवायले बसून राह्यला आहे.

मोहर्लीची गाडी लागली. लोक चढून राह्यले.

बाई, तुले वचन देते. आज तुझ्या घरी पाणी पण घेणार नाई आधी. सासू, दीर, भाऊजी, पल्लवी, सगळ्यायले एका जागी बसवीन अन् सांगीन, मी वीस दिवसांतच सोडलं होतं अन् कोणाले बोलली नाई. ती गोळी घेऊन भाऊजीले डॉक्टरकडे नेईन, ते नाई म्हणाले तरी हात धरून नेईन. अन् त्यायनं मले दारातून हाकलायच्या आधी शेवटचं पण सांगीन: माझी बहीण उपाशी गेली, अन् ती पोटभर जेवते असं डॉक्टरले मीच सांगितलं.

तुझी लहानी,
कुंदा